चेक इंजिनचा दिवा, कोड आणि सर्किटची तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक बिघाडांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नव्याने स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) घेतलेल्यांचे आहेत, पुढचे मल्टिमीटर हातात घेऊन मध्येच अडकलेल्यांचे. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. दुसऱ्या उत्तराची गरज असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. दिलेले आकडे बारा व्होल्टच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना लागू पडतात. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

१. चेक इंजिनचा दिवा लागला आहे. गाडी चालवत राहू की लगेच थांबू?

दिवा कसा लागला आहे ते आधी पाहा. सलग पेटलेला असेल, गाडी नेहमीसारखी चालत असेल आणि तापमानाचा काटा जागेवर असेल, तर घरी किंवा गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही. फक्त आठवडेच्या आठवडे तसंच चालवू नका.

दिवा उघडझाप करत असेल तर मामला गंभीर आहे. एखादा सिलिंडर इतका मिसफायर होतोय (म्हणजे त्यातलं पेट्रोल नीट पेटत नाही) की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन तिथे पेट घेतंय. कन्व्हर्टर आतून वितळायला फार वेळ लागत नाही. अॅक्सिलरेटरवरचा पाय हलका करा आणि सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या. ऑइल प्रेशरचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर कोडबिड नंतर. इंजिन ताबडतोब बंद.

२. पी०१७१ असा कोड आला. यातल्या प्रत्येक आकड्यावरून काही कळतं का?

हो, बरंच कळतं. पहिलं अक्षर विभाग सांगतं: पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगसारखी चॅसिसची यंत्रणा, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपापसातलं नेटवर्क. पुढचा आकडा शून्य असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांना समान. एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा, म्हणून तो त्याच कंपनीच्या माहितीत शोधावा लागतो. पी२ ने सुरू होणारे कोडही समानच असतात.

तिसरी जागा उपविभागाची. १ म्हणजे हवा आणि इंधनाचं मोजमाप, २ म्हणजे इंजेक्टरचं सर्किट, ३ म्हणजे इग्निशन आणि मिसफायर, ४ म्हणजे धूर-नियंत्रणाची यंत्रणा, ५ म्हणजे वेग आणि आयडलिंग, ६ म्हणजे ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि त्याचे आउटपुट, ७ आणि ८ म्हणजे गिअरबॉक्स. शेवटचे दोन आकडे नेमकी तक्रार सांगतात.

'बँक १' म्हणजे एक नंबरचा सिलिंडर ज्या बाजूला आहे ती बाजू. सरळ रांगेच्या चार सिलिंडर इंजिनात सहसा तेवढी एकच बँक असते. ऑक्सिजन सेन्सरांत 'सेन्सर १' कन्व्हर्टरच्या आधीचा आणि 'सेन्सर २' नंतरचा.

३. साधा ब्लूटूथवाला स्कॅनर पुरेल का? आणि तो लावायचा कुठे?

स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ सोळा पिनचं सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून हे सक्तीचं झालं, त्यामुळे आता जवळपास सगळीकडे ते सापडतं.

इंजिनाचे कोड वाचणं, लाइव्ह डेटा (सेन्सरांचे चालू आकडे) आणि फ्रीझ फ्रेम (कोड नोंदला गेला त्या क्षणाचे आकडे, प्रश्न ६) पाहणं एवढं साधा स्कॅनर नीट करतो. फ्यूएल पंप किंवा रेडिएटर फॅन स्कॅनरवरून चालू करून बघणं, इमोबिलायझर (चोरीविरोधी यंत्रणा), नवा ईसीएम जोडणं यासाठी वरच्या दर्जाचं यंत्र लागतं. नवा माणूस विचारतो तेव्हा मी एकच सांगतो: भारी स्कॅनर घेण्याआधी एक चांगला मल्टिमीटर घ्या. स्कॅनर कुठे बघायचं ते सांगेल, पण खराबी सिद्ध मीटरनेच होते.

४. कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव आहे तो बदलला की काम झालं ना?

सगळ्यात जास्त पैसे याच समजुतीपायी वाया जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ईसीएमला सेन्सर दिसत नाही. त्याला दिसतं ते स्वतःच्या पिनवर आलेलं व्होल्टेज. ते ठरलेल्या हद्दीबाहेर गेलं किंवा बाकीच्या आकड्यांशी जुळेनासं झालं की तो कोड नोंदवतो. ते व्होल्टेज सेन्सरमुळे बिघडलं, वायर तुटल्यामुळे, कनेक्टरमध्ये पाणी गेल्यामुळे की अर्थिंग सैल झाल्यामुळे, हे त्याला कळायला मार्ग नसतो.

त्याहून फसवा प्रकार म्हणजे सेन्सर आणि वायर दोन्ही ठणठणीत आणि खोट इंजिनात. पी०१७१ मध्ये ऑक्सिजन सेन्सर 'मिश्रणात पेट्रोल कमी आहे' असं सांगतो आणि ते खरंच कमी असतं. बातमी खरी देणारा सेन्सर काढून नवा बसवला तर तोही तेच सांगणार. पी०१२८ मध्ये कूलंटचं तापमान कमी असल्याची तक्रार येते आणि सेन्सरवर संशय जातो, पण बहुतेक वेळा थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप) उघडा अडकलेला असतो आणि इंजिन खरोखरच थंड चालत असतं.

म्हणून क्रम असा ठेवा: कोड आणि फ्रीझ फ्रेम लिहून घ्या, लाइव्ह डेटात तो आकडा पटण्यासारखा आहे का पाहा, मग कनेक्टरवर मीटर लावा. पार्ट सगळ्यात शेवटी.

५. पेंडिंग, कन्फर्म्ड आणि पर्मनंट कोडमध्ये काय फरक?

बरेच कोड एका फेरीत (इंजिन सुरू करून, गाडी चालवून, बंद करेपर्यंत) पक्के होत नाहीत. पहिल्यांदा गडबड दिसली की ईसीएम ती पेंडिंग म्हणून ठेवतो. पुढच्या फेरीत पुन्हा दिसली तर कोड कन्फर्म्ड होतो आणि दिवा लागतो. तार तुटल्यासारखे काही सर्किटचे कोड मात्र लगेच पक्के होतात.

दोष पुन्हा दिसला नाही तर साधारण लागोपाठ तीन चांगल्या फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो, आणि इंजिन चाळीस वेळा थंड ते गरम झाल्यावर कोडही पुसला जातो. पर्मनंट कोड स्कॅनरने किंवा बॅटरी काढून जात नाही. ईसीएमने स्वतः ती चाचणी घेऊन ती पास झाली तरच तो निघतो.

६. आधी कोड पुसून बघतो, परत आला तर दुरुस्त करू. चालेल?

पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा, मग काय ते करा. कोड नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम किती होते, वेग किती, इंजिन गरम होतं की थंड, लोड किती, फ्यूएल ट्रिम (प्रश्न ११) किती, हे सगळं त्यात गोठवलेलं असतं. कोड पुसला की तेही जातं. अधूनमधून येणाऱ्या बिघाडात (प्रश्न १६) हाच एकमेव धागा हाती असतो.

कोड पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या चाचण्यांची नोंदही कोरी होते. प्रदूषण तपासणी जवळ आली असेल तर त्याचा त्रास होतो. ते प्रश्न २० मध्ये.

७. मल्टिमीटर कसा हवा, आणि टेस्ट लॅम्प वापरला तर ईसीएम उडतो का?

इनपुट इम्पीडन्स (मीटरचा स्वतःचा आतला अडथळा) दहा मेगाओहम असलेला डिजिटल मीटर घ्या. किमान आणि कमाल आकडा धरून ठेवण्याची सोय असेल तर उत्तम.

बल्बचा टेस्ट लॅम्प चांगलं हत्यार आहे, पण जागा बघून वापरा. फ्यूज, रिले, पंपाची पॉवर, जाड अर्थिंग इथे तो उपयोगी, कारण तो खरा करंट ओढतो. सेन्सरच्या सिग्नलच्या वायरीला किंवा ईसीएमच्या बारीक आउटपुटला लावू नका. तेवढा करंट तिथे अपेक्षित नसतो आणि आतला भाग जाऊ शकतो. एअरबॅगच्या वायरींना, ज्या बहुधा पिवळ्या असतात, मीटर किंवा लॅम्प काहीच लावायचं नाही.

वायरीचं आवरण टोचून मोजू नका. त्या छिद्रातून पाणी शिरतं आणि काही महिन्यांनी आत हिरवा गंज धरतो. कनेक्टरच्या मागच्या बाजूने, रबरी सीलच्या कडेने बारीक पिन सरकवून मोजा. पुढून जाडा प्रोब घुसवला तर आतली पिन फाकते आणि नसलेला बिघाड तयार होतो.

८. कोडमध्ये 'सर्किट हाय' किंवा 'सर्किट लो' असतं त्यातून काय समजायचं?

कूलंट तापमानाचा दोन वायरींचा सेन्सर घ्या, यावर शिकणं सगळ्यात सोपं. ईसीएम एका वायरीतून, आतल्या एका रेझिस्टरमार्फत, ५ व्होल्ट पाठवतो. दुसरी वायर ईसीएमच्या आतल्या अर्थिंगला जाते. सेन्सर गरम झाला की त्याचा ओहम कमी होतो आणि पहिल्या वायरीवरचं व्होल्टेज खाली येतं. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना दोन ते तीन हजार ओहम, तर गरम इंजिनाला दोनशे ते साडेतीनशे ओहम मिळतात.

आता वायर तुटली तर व्होल्टेज कुठेच खर्च होत नाही, पिनवर पूर्ण ५ व्होल्ट राहतात. हा 'हाय', पी०११८, आणि स्कॅनरवर उणे ४० अंश दिसतं. सिग्नलची वायर बॉडीला घासून शॉर्ट झाली तर शून्य व्होल्ट. हा 'लो', पी०११७, आणि स्कॅनर १३० च्याही वर तापमान दाखवतो.

या माहितीवरून दोन मिनिटांची चाचणी होते. चावी ऑन, इंजिन बंद, स्कॅनर लाइव्ह डेटावर. सेन्सरचा कनेक्टर काढा: आकडा उणे ४० वर जायला हवा. मग कनेक्टरच्या दोन पिना वायरीच्या तुकड्याने जोडा: आकडा एकदम वर जायला हवा. दोन्ही झालं तर वायरिंग आणि ईसीएम चांगले, सेन्सर खराब. कनेक्टर काढूनही आकडा वरच राहिला तर वायर कुठेतरी शॉर्ट आहे. पिना जोडूनही उणे ४० हलला नाही तर वायर तुटली आहे, किंवा अर्थिंगची बाजू गेली आहे. सिग्नलची पिन बॅटरीच्या निगेटिव्हला क्षणभर लावून पाहा. आकडा वर गेला तर सिग्नलची वायर चांगली, अर्थिंगची तुटलेली.

दोन सावधगिऱ्या. काही गाड्या दोष दिसताच सेन्सरचा आकडा बाजूला ठेवून स्वतःचा ठरलेला आकडा दाखवतात, आणि मग ही चाचणी चकवते. तेव्हा कनेक्टरवर थेट व्होल्ट मोजा. दुसरं, पिना जोडण्याची युक्ती फक्त अशा दोन वायरींच्या तापमान सेन्सरांना. तीन वायरींच्या सेन्सरवर अंदाजाने पिना जोडल्या तर ५ व्होल्टचा पुरवठाच शॉर्ट होईल (प्रश्न १०).

९. ओहममध्ये वायर शून्य दाखवते, म्हणजे वायर चांगलीच ना?

नाही. हा धडा एकदा पक्का झाला की निम्मे अवघड बिघाड सोपे होतात.

ओहमच्या सेटिंगवर मीटर वायरीतून अगदी नगण्य करंट सोडतो. दहा धाग्यांपैकी नऊ तुटले तरी तेवढा करंट उरलेल्या एका धाग्यातून सहज जातो आणि मीटर 'सगळं ठीक' म्हणतो. पंप किंवा मोटर चालू झाली की त्याच धाग्याला कित्येक अँपिअर वाहून न्यावे लागतात.

हिशोब करून पाहा. फ्यूएल पंप ६ अँपिअर ओढतो आणि त्याच्या अर्थिंगच्या जोडावर गंजामुळे अर्धा ओहम अडथळा आहे. सहा गुणिले अर्धा, तीन व्होल्ट तिथेच गेले. इंजिन चालू असताना पंपाला १४ ऐवजी ११ व्होल्ट मिळणार, तो मंद फिरणार, पेट्रोलचं प्रेशर पडणार आणि चढावर गाडीचा पिकअप जाणार. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा ०.२-०.३ ओहम असतो; त्यात हा अर्धा ओहम नजरेतून सुटतो.

म्हणून सर्किट चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप मोजायचा. मीटर डीसी व्होल्टवर. अर्थिंगच्या बाजूसाठी एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरा पंपाच्या अर्थिंगच्या पिनवर, आणि पंप चालू. पॉवरच्या बाजूसाठी एक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरा पंपाच्या पॉझिटिव्ह पिनवर. मीटर दाखवेल तेवढे व्होल्ट वाटेत वाया जात आहेत. पंपासारख्या लोडला प्रत्येक बाजूला ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. सेन्सर आणि ईसीएमच्या अर्थिंगला ०.१ व्होल्टच्या आत हवं. सेल्फ मारताना जाड केबलवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नको.

ड्रॉप जास्त आला तर प्रोब एकेक जोड पुढे सरकवत जा. ज्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे आकड्यात उडी दिसते, खोट तिथेच. सर्किट बंद असताना हा ड्रॉप नेहमी शून्य येतो, त्यावर जाऊ नका.

१०. एकदम पाच-सहा वेगवेगळे कोड आले. इतके सेन्सर एकाच वेळी कसे जातील?

जात नाहीत. त्या सगळ्यांमध्ये सामाईक काय आहे ते शोधा.

आधी बॅटरी: इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली नको, इंजिन चालू असताना सहसा १३.८ ते १४.५. बॅटरी उतरलेली असताना सेल्फ मारला तर कोडांची रांगच लागते. बॅटरी भरून, कोड लिहून, पुसून पुन्हा पाहा.

मग सामाईक अर्थिंग, विशेषतः नुकतंच इंजिनाचं किंवा गिअरबॉक्सचं काम झालं असेल तर. अर्थिंगचा एखादा बोल्ट लावायचा राहून जातो.

तिसरा संशयित ५ व्होल्टचा पुरवठा. थ्रॉटल, मॅप (इनटेक मॅनिफोल्डचं प्रेशर मोजणारा) आणि इतर काही सेन्सरांना ईसीएम एकाच लाइनवरून ५ व्होल्ट देतो. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे ५ व्होल्ट जातात. कधी सोबत पी०६४१ किंवा पी०६५१ येतो, तर कधी गाडी स्टार्टच होत नाही. त्या लाइनवर मीटर लावून ठेवा आणि सेन्सरांचे कनेक्टर एकेक करून काढा. जो काढताच ५ व्होल्ट परत येतात तो दोषी. सगळे काढूनही आले नाहीत तर वायरिंग, आणि ईसीएमचा संशय त्यानंतर.

११. पी०१७१, 'सिस्टिम टू लीन'. ऑक्सिजन सेन्सर बदलून झाला, कोड परत आला. आता?

सेन्सरने काय ओरडून सांगितलं ते प्रश्न ४ मध्ये आहे. आता फ्यूएल ट्रिम पाहा. मिश्रण बरोबर ठेवण्यासाठी ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते यात कळतं. तात्पुरता आणि दीर्घकालीन अशा दोन्ही ट्रिमची बेरीज करा. उणे-अधिक दहाच्या आत असेल तर काळजी नाही.

इंजिन गरम करून तीन ठिकाणी आकडा घ्या: आयडलिंगला, उभ्या गाडीत २५०० आरपीएमला, आणि चालत्या गाडीत लोडवर. चालत्या गाडीत स्कॅनर शेजारच्याने बघायचा.

आयडलिंगला अधिक २२ आणि २५०० ला अधिक ४, असं असेल तर इनटेकमध्ये कुठूनतरी चोरून हवा शिरतेय. आयडलिंगला एकूण हवाच कमी, म्हणून ती चोरटी हवा मोठी भासते. रेस केल्यावर तिचं प्रमाण नगण्य होतं. फाटलेला व्हॅक्यूम पाइप, इनटेक गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्ही (इंजिनाच्या तळातली वाफ इनटेकमध्ये नेणारी झडप) बघा. गळती शोधायला स्मोक मशीन (इनटेकमध्ये धूर सोडून गळती दाखवणारं यंत्र) सर्वांत उत्तम. गरम इंजिनावर पेटणारा स्प्रे मारून शोधण्याची पद्धत दिसते, ती करू नका, आग लागते.

उलट आयडलिंगला ठीक आणि लोडवर आकडा वाढत जात असेल तर पेट्रोल पुरत नाही (पंप, फिल्टर, पंपाची वायरिंग, प्रश्न ९) किंवा एअरफ्लो सेन्सर घाण होऊन हवा कमी मोजतोय.

आणि हा अपवाद अनेकांना चकवतो: ज्या गाडीत एअरफ्लो सेन्सर नाही, फक्त मॅप सेन्सर आहे, तिथे चोरटी हवा शिरली की मॅनिफोल्डचं प्रेशर वाढतं, ईसीएम त्यानुसार आपणहून पेट्रोल वाढवतो आणि ट्रिम फारसा बिघडत नाही. तिथे लीक ओळखायची ती वाढलेल्या आयडलिंगवरून.

सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या पाइपला भेग असेल किंवा सिलिंडर मिसफायर होत असेल, तरी सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो आणि मिश्रण खोटंच लीन वाटतं. म्हणून मिसफायरचा कोडही असेल तर आधी तो सोडवा.

१२. पी०३०१, म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर, आला. कॉइल, प्लग की इंजेक्टर?

अदलाबदल करा. एक नंबरची कॉइल दोनवर, दोनची एकवर. कोड पुसून गाडी चालवा. पी०३०२ झाला तर कॉइल गेली. एकवरच राहिला तर तसंच प्लगचं, मग इंजेक्टरचं. काहीच सरकलं नाही तर कॉम्प्रेशन तपासा. जळलेला व्हॉल्व्ह कुठल्याही स्कॅनरला दिसत नाही.

पी०३५१ हा मात्र वेगळा: तो कॉइलच्या इलेक्ट्रिकल सर्किटचा कोड आहे, तिथे थेट प्रश्न १५ (तो इंजेक्टरचा आहे, पण पॉवर आणि ईसीएमची वायर वेगवेगळी तपासायची कल्पना तीच). आणि पी०३००, म्हणजे कुठलाही एक सिलिंडर नक्की नाही, तेव्हा सगळ्यांना सामाईक गोष्टी बघा: पेट्रोलचं प्रेशर, व्हॅक्यूम लीक, टायमिंग.

१३. पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड, आला की कन्व्हर्टर बदलावाच लागतो का?

घाई करू नका. कन्व्हर्टर चांगला असेल तर गरम इंजिनावर मागच्या सेन्सरचं व्होल्टेज जवळजवळ स्थिर राहतं, बऱ्याचदा ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास. ते सारखं ०.१ ते ०.९ मध्ये वरखाली होत असेल तर कन्व्हर्टर थकला आहे. पण त्याआधी पाइपची गळती, मिसफायर आणि फ्यूएल ट्रिम तपासा. कन्व्हर्टर सहसा आपणहून मरत नाही. ऑइल जळणं, कूलंट आत जाणं किंवा जुना मिसफायर त्याला मारतो. ते कारण तसंच ठेवलं तर नवाही त्याच वाटेने जातो.

१४. सेल्फ फिरतो पण इंजिन स्टार्ट होत नाही, आणि कोड एकही नाही.

सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम पाहा. दोन-अडीचशेच्या आसपास आकडा दिसला तर क्रँक सेन्सर (क्रँकशाफ्टचं फिरणं ओळखणारा) काम करतोय. शून्यच राहिला तर संशय पहिला त्याच्यावर; काही गाड्या नुसत्या सेल्फवर त्याचा कोड, पी०३३५, नोंदवतच नाहीत.

क्रँक सेन्सर दोन वायरींचा असेल तर तो बहुधा चुंबकीय: ओहम मोजता येतो आणि सेल्फ मारताना एसी व्होल्ट मिळतात. तीन वायरींचा बहुधा हॉल प्रकारचा: पुरवठा, अर्थिंग आणि वरखाली होणारा सिग्नल तपासा. हॉल सेन्सरचा ओहम मोजून काहीच सिद्ध होत नाही. शक्य असेल तर ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) लावा. तुटलेला दात किंवा सैल सेन्सर त्यात लगेच दिसतो.

आरपीएम येत असेल तर इमोबिलायझरचा दिवा, चावी ऑन केल्यावर पंपाचा दोन सेकंदांचा आवाज, मग स्पार्क, या क्रमाने जा.

१५. इंजेक्टरच्या कनेक्टरवर बारा व्होल्ट येतात, तरी इंजेक्टर चालत नाही. असं कसं?

कारण ईसीएम त्याला बहुधा पॉवर देत नाही. बारा व्होल्ट रिलेकडून कायम येतात. ईसीएम दुसरी वायर अर्थिंगला जोडतो आणि सोडतो, तेव्हा इंजेक्टर उघडतो आणि मिटतो. बारा व्होल्ट असणं ही निम्मी तपासणी झाली.

उरलेल्या निम्म्यासाठी इंजेक्टरचा कनेक्टर काढून त्यात इंजेक्टर तपासायचा एलईडी दिवा बसवा आणि सेल्फ मारा. लुकलुकला तर ईसीएम आणि वायरिंग ठीक, इंजेक्टर तपासा. साध्या पोर्ट इंजेक्टरचा ओहम बहुधा ११ ते १६ असतो. सतत पेटून राहिला तर ईसीएमकडे जाणारी वायर अर्थिंगला शॉर्ट आहे किंवा ईसीएमचा ड्रायव्हर (इंजेक्टर चालू-बंद करणारा आतला इलेक्ट्रॉनिक स्विच) अडकला आहे. पेटलाच नाही तर वायर तुटली आहे, ईसीएमला क्रँकचा सिग्नल मिळत नाही, किंवा ड्रायव्हर गेला आहे.

हे फक्त साध्या पोर्ट इंजेक्शनला. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत इंजेक्टरला साठ-पासष्ट व्होल्टचे झटके दिले जातात, कॉमन रेल डिझेलमध्ये त्याहून जास्त, आणि डिझेलच्या पाइपात दोन हजार बारपर्यंत प्रेशर असू शकतं. बारीक गळतीची धारही कातडीत घुसते. तिथे मॅन्युअल आणि योग्य हत्यारं नसतील तर हात लावू नका.

१६. बिघाड कधी येतो, कधी जातो. गॅरेजमध्ये नेली की गाडी गुणी बाळासारखी. कसा पकडायचा?

बिघाड ज्या स्थितीत येतो ती स्थिती परत तयार करायची. फ्रीझ फ्रेम (प्रश्न ६) सांगते की गरम इंजिनाला, खड्ड्यांत की चढावर. मग त्या सेन्सरचा ग्राफ स्कॅनरवर लावून इंजिन चालू ठेवा आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) वीतभर-वीतभर हलवत पुढे जा. विशेष लक्ष तीन जागांकडे द्या: बॅटरीखालून जाणारा भाग, इंजिन आणि बॉडीमधली वाकणारी जागा, आणि एक्झॉस्टच्या जवळची क्लिप. हेअर ड्रायरने कनेक्टर तापवून, पाण्याचा हलका फवारा मारूनही पाहा.

कनेक्टर उघडल्यावर पिना डोळ्याला चकचकीत दिसतात म्हणून सोडून देऊ नका. त्याच मापाची सुटी नर पिन घ्या आणि प्रत्येक मादी पिनमध्ये घालून बाहेर ओढा. चांगली पिन हलकासा अडवते. एखादीत ती सैल जाते-येते, गुरुत्वाकर्षणानेच गळून पडते. बिघाड तिथेच आहे. ती पिन बदला.

१७. स्कॅनर गाडीशी जोडलाच जात नाही.

सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचं व्होल्टेज हवं, ४ आणि ५ वर अर्थिंग. १६ वर काही नसेल तर फ्यूज पाहा; बऱ्याच गाड्यांत तो चार्जिंगच्या सॉकेटशी सामाईक असतो.

पुरवठा ठीक असेल तर कॅन लाइन (गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणारी दोन वायरींची लाइन) पाहा. बॅटरी काढून पिन ६ आणि १४ मध्ये ओहम मोजा. दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर समांतर असतात, म्हणून ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलं आहे, शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. सॉकेट आणि इंजिनाच्या लाइनमध्ये गेटवे (मधला संदेश पुढे पाठवणारा कॉम्प्युटर) असलेल्या गाड्यांत हा आकडा फक्त गेटवेपर्यंतचीच हकीकत सांगतो, आणि तिथे ६० येईलच असंही नाही. वायरिंगचा नकाशा पाहून मोजा.

१८. कोड नाही, पण अॅव्हरेज पडलं आहे आणि सकाळी स्टार्ट व्हायला त्रास होतो.

सेन्सर खोटं बोलतोय पण हद्दीत राहून, ही शक्यता मोठी. रात्रभर उभ्या गाडीत, सकाळी चावी फक्त ऑन करून कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान पाहा. दोन्ही बाहेरच्या हवेच्या जवळपास हवीत. एक पंधरा-वीस अंशांनी वेगळं असेल तर तो सेन्सर चुकतोय. इंजिन बंद असताना मॅप सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा: समुद्रसपाटीला सुमारे १०१ किलोपास्कल, हजार मीटर उंचीवर सुमारे ९०. त्यानंतर ट्रिम (प्रश्न ११).

१९. 'ईसीएम गेला आहे' असं सांगितलं. विश्वास ठेवू का?

ईसीएम जातो, पण कमी वेळा. सांगणाऱ्याला विचारा: ईसीएमच्या कनेक्टरवर सगळ्या पॉवर आणि अर्थिंग लोड देऊन तपासल्या का? सगळे इनपुट पिनपर्यंत येतात आणि तरीही आउटपुट निघत नाही, हे मोजून पाहिलं का? ही दोन उत्तरं 'हो' असतील तरच पुढे जा.

आणि ड्रायव्हर जळाला असेल तर तो कशाने जळाला ते शोधून घ्या. शॉर्ट झालेली कॉइल तशीच ठेवून नवा ईसीएम बसवला तर तोही जळतो. दुसऱ्या गाडीतला ईसीएम काढून नुसता लावून चालत नाही. बहुतेक गाड्यांत इमोबिलायझरशी जुळवणी आणि प्रोग्रॅमिंग करावं लागतं.

२०. दुरुस्ती झाली, कोड पुसला. आता खरंच झालं हे कसं ओळखायचं?

दिवा विझला म्हणजे दुरुस्ती झाली असं धरू नका, तो पुसल्यामुळे विझला आहे. स्कॅनरवर 'रेडिनेस' किंवा मॉनिटरची यादी उघडा. पुसल्यानंतर त्यातल्या बऱ्याच चाचण्या 'अपूर्ण' दिसतात. गाडी थंड स्टार्ट करून, थोडं आयडलिंग, थोडा संथ प्रवास, थोडा स्थिर वेगाने मोठ्या रस्त्यावरचा प्रवास अशी चालवा. एकेक चाचणी पूर्ण होत जाते. पेट्रोलच्या वाफेची चाचणी अनेक गाड्यांत टाकी पूर्ण भरलेली किंवा अगदी रिकामी असताना होतच नाही, म्हणून टाकी मध्यावर ठेवा.

ज्या यंत्रणेचा कोड होता तिची चाचणी 'पूर्ण' झाली, पेंडिंगमध्येही काही नाही, आणि फ्रीझ फ्रेममध्ये होती त्याच परिस्थितीत गाडी चालवून झाली, की काम पक्कं. पेंडिंगमध्ये तोच कोड पुन्हा दिसला तर दिवा लागायची वाट न पाहता मीटर हातात घ्या.